मामाचं इंजिन आणि काळा धूर

मागचे दोन विकांत इथे काहीच लिहिलं नाही. आळस होताच, पण खरं कारण वेगळं. मी आजोळी होतो, बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. मामाच्या जनरेटरचं इंजिन खोललं होतं. डिग्री मेकॅनिकलची आणि पोट जावावर, असे आमच्या हापिसात निम्मे लोक आहेत. चार-पाच वर्षांनी हातात खरा पाना आला की काय वाटतं, ते त्यांना सांगायला नको.

मामाचा फोन आला तो असा : "इंजन लई धूर मारायलंय बघ. अन् मोटर उचलंना झालंय. मिस्त्री म्हणतोय, काढून टाका, नवं घ्या."

योगायोगाने मामाचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा दादा, सुट्टीवर घरी होता. दादा मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवरच्या गावातला माणूस, पण वर्षातले सात-आठ महिने जहाजाच्या पोटात बसून डिझेल जनरेटर सांभाळतो. मोठ्या जहाजावर असे साधारण तीन जनरेटर असतात. बंदरात धुराड्यातून काळा धूर निघाला तर दंड होऊ शकतो, म्हणून तिथे धूर दिसला की सगळे धावतात. गावाकडे उलट. धूर निघाला म्हणजे इंजिन जिवंत आहे!

मी पाने काढून तयारच होतो. दादाने अडवलं. म्हणाला, "आधी हवा बघायची. मग लोड. मग डिझेल. पाना शेवटी." आणि शाळेतली एक दोनशेपानी वही काढून त्याने रकाने आखले : वेळ, लोड, धुराचा रंग, शेरा. आमच्या हापिसात प्रॉडक्शन पडलं की आम्ही पहिल्यांदा सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि मग लॉग शोधतो. त्या वहीकडे बघून मला जरा लाजच वाटली.

काय सापडलं ते सांगतोच, पण त्याआधी हे इंजिन तिथे आलं कसं ते सांगायला हवं. कारण आम्ही जसजसं ते खोलत गेलो तसतसं माझ्या लक्षात आलं की ह्या धुराला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इंजिनाचा कमी, पाण्याचा जास्त आहे.

इंजिनावर नावाची पाटी नाही. कधीच गळून पडली. पण बघितल्याबरोबर ओळखू येतं : एक उभा सिलेंडर, दोन बाजूंना दोन अवजड फ्लायव्हील, हाताने फिरवायचं हँडल, ६ हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. हे लिस्टरचं रूप. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये डर्सली नावाचं गाव आहे, तिथल्या आर. ए. लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास हे इंजिन बाजारात आणलं आणि १९८७पर्यंत बनवलं. पुढे राजकोटच्या छोट्या छोट्या फाउंड्र्यांनी त्याच्या हुबेहूब नकला काढल्या आणि त्या भारतभर, आफ्रिकेत, अगदी अमेरिकेतल्या हौशी लोकांपर्यंत गेल्या. मामाचं इंजिन त्या राजकोटी गोतावळ्यातलं. आजोबांनी १९७४ साली कर्ज काढून घेतलेलं.

पण मग १९३०च का? डिझेल इंजिन तर त्याच्या कितीतरी आधीचं. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं नीट चालणारं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला तयार झालं. चाचणीत त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळची छोटी वाफेची इंजिनं दहा टक्क्यांनाही महाग होती, त्यामुळे हा आकडा म्हणजे धमाकाच. गंमत म्हणजे डिझेलसाहेबांच्या डोक्यात मोठे कारखाने नव्हतेच. त्यांना हवं होतं छोट्या कारागिराचं इंजिन. वाफ परवडते फक्त मोठ्या गिरणीमालकाला. विणकर, सुतार, लोहार ह्यांना स्वतःच्या घरात ठेवता येईल अशी शक्ती मिळाली तर ते टिकतील, असं त्यांचं म्हणणं. झालं नेमकं उलट. सुरुवातीच्या इंजिनात डिझेल आत फवारायला दाबाची हवा लागायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा खटाटोप. हा खटाटोप परवडायचा तो वीजघरांना आणि जहाजांना. १९१२ साली डेन्मार्कमधून 'सेलांडिया' नावाचं मोठं डिझेल जहाज निघालं आणि थेट बँकॉकपर्यंत जाऊन आलं. त्या जहाजाला धुराडंच नव्हतं! इंजिनाचा धूर डोलकाठीतून वर सोडला होता. लोकांना प्रश्न पडायचा की हे चालतंय कशावर. डिझेलसाहेब स्वतः मात्र पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१३मध्ये, इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून रात्रीतून नाहीसे झाले. पुढे समुद्रात प्रेत सापडलं. आत्महत्या की घातपात हा वाद अजून चालू आहे.

त्यांचं कारागिराचं इंजिन शक्य झालं ते बॉशने १९२७ साली इंजेक्शन पंपाचं उत्पादन सुरू केल्यावर. मुठीत मावेल असा पंप थेंबाथेंबाने, प्रचंड दाबाने, मोजून डिझेल पाठवतो. कॉम्प्रेसरची गरजच संपली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत लिस्टरसारखी इंजिनं बाजारात आली, आणि शेतकरी गिऱ्हाईक झाला.

आपल्याकडे हे लोण लवकर आलं. साताऱ्यात धनजीशा कूपर ह्या पारशी गृहस्थांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिन बनायला लागलं. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. इंजिनवाला मुख्यमंत्री, त्यानंतर तसा योग नाही.) किर्लोस्करांनी लोखंडी नांगर, मग पंप असं करत १९४६ साली पुण्यात खडकीला ऑइल इंजिनचा स्वतंत्र कारखाना काढला. त्यांचं ५ हॉर्सपॉवरचं एव्ही-१ माहीत नाही असा मेकॅनिकलचा पोरगा विरळा. ८० मिलिमीटर बोअर, ११० मिलिमीटर स्ट्रोक, १५०० आरपीएम. मापं ब्रिटिश पेटर एव्ही-१ ह्या इंजिनाचीच. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ह्याच घराण्यातलं एक इंजिन कायम टेस्ट रिगवर बसवलेलं असायचं. त्याच्यावर करंज तेलापासून कशाकशाचे प्रयोग करून किती जणांनी एम.ई. केलं असेल, देव जाणे. ते इंजिन प्रत्यक्ष जिथे चालतं त्या विहिरीवर आमच्यातला कुणी गेला होता का? मी तरी नाही, आजोळी विहीर असून नाही.

आता बीड. १९४८पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. वेगळं सरकार, वेगळं नाणं (हाली सिक्का), आणि रेल्वे आली ती परळीपर्यंत. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ साल उजाडलं, ह्यावरून काय ते समजा. त्यामुळे साताऱ्या-पुण्याकडे इंजिनं पुकपुकायला लागली तेव्हा इथे मोटच होती. माझ्या पिढीने मोट फक्त चित्रात बघितली, म्हणून सांगतो : चामड्याची मोठी पिशवी, तिला जाड नाडा आणि खालच्या सोंडेला बारीक सोंदूर, बैलजोडी धावेवरून खाली उतरत गेली की मोट वर, थारोळ्यात पाणी ओतलं जायचं, आणि बैल पुन्हा मागे. दिवसभर तेच.

त्याच्याही आधीचा एक पर्याय बीडमध्ये अजून बघायला मिळतो. शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे, निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. ह्या विहिरीत पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून येतं आणि तसंच बोगद्यातून उताराने पुढे शेतात जातं. ना मोट, ना इंजिन, ना धूर. उतार साधून दिला आणि विषय संपवला! अर्थात असा उतार प्रत्येकाच्या नशिबात नसतो, आणि प्रत्येकाच्या मागे निजामशाहीचा सरदार नसतो.

मोट जायला सुरुवात आधीच झाली होती, पण मामाच्या गावात तिचा निकाल लावला तो १९७२च्या दुष्काळाने. बैल विकले गेले किंवा मेले. आजोबांचीही एक जोडी गेली. दुष्काळानंतर विहिरीसाठी, इंजिनासाठी कर्जं मिळायला लागली आणि आजोबांनी विचार केला की बैल घेतला तर तो दुष्काळात पुन्हा मरणार. इंजिन काही वैरण मागत नाही. आई सांगते, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा धुराड्याच्या तोंडावर बसवलेल्या पत्र्याच्या टोपीचा पुक्-पुक्-पुक् आवाज ऐकायला अर्धं गाव जमलं होतं. धूर होता का, असं मी मुद्दाम विचारलं. आई म्हणाली, "आठवत नाही बाई." म्हणजे नसावा.

मग धूर कधी आला?

थोडं तांत्रिक आहे, पण सोडू नका. डिझेल इंजिन दर फेऱ्याला हवा तेवढीच घेतं; कमी-जास्त होतं ते डिझेल. मामाच्या इंजिनाचा सिलेंडर सुमारे १.४ लिटरचा. ६५० फेऱ्यांना ते मिनिटाला साडेचारशे लिटरच्या आसपास हवा ओढणार, मग लोड असो वा नसो. लोड वाढला की गव्हर्नर डिझेल वाढवतो. एका हद्दीपर्यंत सगळं जळतं. हवेच्या वजनाच्या अठराव्या-विसाव्या भागापेक्षा डिझेल जास्त झालं की काही भाग नुसता कोळसा होऊन बाहेर पडतो. तोच काळा धूर. निळा धूर म्हणजे इंजिनाचं वंगण जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच वाफ होऊन चाललंय. थोडक्यात, निळ्या-पांढऱ्यात बहुतेक वेळा इंजिनाची झीज दिसते. काळा बहुतेक वेळा सांगतो की इंजिनाकडून झेपत नाही ते मागितलं जातंय, किंवा त्याला श्वास घेऊ दिला जात नाहीये.

माझा पहिला तर्क असा की विहिरीचं पाणी खोल गेलं, पंपाला जास्त उंच चढवावं लागलं, लोड वाढला, धूर आला. दादाने तो तिथल्या तिथे खोडला. सेंट्रिफ्यूगल पंपाचं उलट असतं. वेग तोच ठेवून उंची वाढवली तर पाणी कमी येतं आणि लोडही कमी होतो. इंजिन उलट आरामात चालतं. (हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. विसरलो होतो.) मग? मग मामानेच सांगितलं. पाणी कमी यायला लागलं की लोक इंजिनाची पुली बदलून मोठी बसवत, म्हणजे पंप जास्त जोरात फिरतो. आता गणित बघा : पंपाचा वेग २० टक्के वाढवला तर पाणी चढवायची ताकद १.४४ पट होते, पण त्यासाठी लागणारी शक्ती १.७३ पट होते. वेगाचा घन! ४ हॉर्सपॉवरमध्ये भागत होतं तिथे जवळजवळ ७ लागणार, आणि इंजिन ६चं. धूर तिथून सुरू झाला.

पुलीनेही भागेना तेव्हा इंजिन विहिरीत उतरलं. कारण असं की पंप पाणी वर ढकलू कितीही शकतो, पण खालून ओढताना सगळा भरवसा हवेच्या दाबावर. पुस्तकी हद्द साधारण १० मीटर, व्यवहारात ६-७. त्यापेक्षा पाणी खाली गेलं की पंपाला पाण्याजवळ न्यावं लागतं. मग विहिरीच्या आत खडकात टप्पा काढून पंप आणि इंजिन तिथे बसवायचं. मामाच्या विहिरीत तो टप्पा अजून आहे. ऐंशीच्या दशकात उन्हाळा लागला की फ्लायव्हील वेगळी काढून, चेनपुली लावून, दहा-बारा माणसं ते धूड खाली सोडत आणि पावसाळ्याआधी वर काढत.

दादा टप्प्यावर उभा राहून वर बघत होता. म्हणाला, "अरे, ही तर आमची इंजिन रूम." फरक एवढाच की जहाजाच्या इंजिन रूममध्ये मोठमोठे पंखे बाहेरची हवा सतत आत ढकलत असतात. विहिरीत पंखा कुठला? धुराड्याला पाइप जोडून वर काढला तरी गळती असायचीच, आणि इंजिन स्वतःचाच धूर पुन्हा ओढायचं. ऑक्सिजन कमी, मग धूर जास्त, मग ऑक्सिजन आणखी कमी. आपल्या भाषेत इन्फिनिट लूप! पण हा लूप जीवघेणा आहे. इंजिन चालू असलेल्या विहिरीत उतरलेली माणसं धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून गेल्याच्या आणि त्यांना काढायला उतरलेलेही गेल्याच्या बातम्या अजूनही येतात. मामाने एकदा चक्कर आल्याचं सांगितलं, तेही सहज, जेवता जेवता. मामी उठून आत गेली.

हे सगळं का, तर खाली बेसाल्ट आहे. आपला काळा पाषाण पाणी साठवतो ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. तेवढं संपलं की संपलं. पुढचं पाणी शोधायचं तर बोअर. आणि सहा इंची बोअरमध्ये ना इंजिन उतरत ना पट्टा. तिथे लागते सबमर्सिबल मोटर, आणि मोटरला लागते वीज. तिथे इंजिनाचा विषय संपायला हवा होता. मामाचं इंजिन नव्वदच्या दशकात गोठ्यात पडलंही, वर कोंबड्या बसायच्या.

पण वीज! बीड जिल्ह्याचं स्वतःचं वीजघर आहे, परळीचं औष्णिक केंद्र. पहिला संच १९७१चा. २००५नंतरची ती तीन-चार वर्षं आठवतात? पुण्यात दिवे जायचे तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि अभ्यास टळला म्हणून खूश होतो. खेड्यात बारा-बारा तास भारनियमन. आणि फेब्रुवारी २०१३मध्ये तर परळीचं केंद्र पूर्ण बंद पडलं. कोळसा होता, पाणी नव्हतं. ज्या खडका बंधाऱ्यावर ते केंद्र अवलंबून तो कोरडा पडला. औष्णिक केंद्राला वाफेला आणि थंडाव्याला पाणी लागतं, ते नाही म्हणून वीज नाही. आणि शेताला पाणी उपसायला वीज लागते, ती नाही म्हणून पाणी नाही. दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत उभे. डेडलॉकचं ह्याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

त्याच उन्हाळ्यात मामाने कोंबड्या हाकलल्या, इंजिन बाहेर काढलं, त्याला पट्ट्याने ५ केव्हीएचा अल्टरनेटर जोडला आणि जनरेटर केला. म्हणजे बघा, १९७४ साली इंजिन थेट पंप फिरवत होतं. चाळीस वर्षांनी तेच इंजिन वीज बनवतं, वीज वायरीतून जमिनीच्या पोटात जाते, तिथे मोटर फिरते, मोटर पंप फिरवते. प्रत्येक पायरीवर थोडी शक्ती वाया. आणि त्याच सुमारास, जानेवारी २०१३पासून, डिझेलचे भाव दर महिन्याला थोडे थोडे वाढायला लागले. ऑक्टोबर २०१४मध्ये ते पूर्णच खुले झाले. मोसंबीची साडेतीनशे झाडं होती. एक झाड फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात, वाळायला एक उन्हाळा पुरतो. डिझेलचा हिशोब कोण करत बसणार?

तर आता वहीकडे.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच उघडलं नाही. फक्त शेडचं दार उघडलं. पत्र्याची आठ बाय आठची खोली, चोरीच्या भीतीने आणि आवाज नको म्हणून कायम बंद. दार उघडल्यावर धूर दिसण्याइतका कमी झाला. दादा मागच्या चुना दिलेल्या भिंतीसमोर दर दहा मिनिटांनी धुराचा फोटो काढत होता आणि वहीत लिहीत होता. मग हवेची गाळणी : जाळी कधीच गेलेली, तिच्या जागी मामाचा जुना बनियन तारेने बांधलेला. बनियन काढला. मग धुराड्याचा पाइप काढला. दोन इंची पाइपात कार्बन साचून भोक जेमतेम अंगठ्याएवढं उरलं होतं. तो जाळून, ठोकून साफ केला. एवढ्यात धूर निम्मा. खर्च शून्य. नवं इंजिन घ्यायला सांगणारा मिस्त्री तोवर येऊन उभा राहिला होता, आणि त्याला खरंच कुतूहल होतं. पुढचे सगळे दिवस तो आमच्याबरोबर होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच्याशिवाय आमचं हेडसुद्धा निघालं नसतं.

मग डिझेल. नॉझल काढून बीडला पंपवाल्याकडे नेलं. टेस्टरवर फवारा उडायला हवा तिथे थेंब टपकत होता. नवं नॉझल घातलं. (नाशिकचा मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखाना ह्याच वस्तूसाठी ओळखला जातो. १९२७चा धागा असा गेवराईपर्यंत येतो.) शेवटी पाना. हेड काढलं तर पिस्टनवर कोळशाची पोळी. लायनरला वरच्या बाजूला नख अडकेल एवढी कड. रिंगा सैल, म्हणजे सकाळचा निळा धूर त्यांचा. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे शेल नवे. व्हॉल्व्ह पेस्ट लावून तासभर हाताने घासले. पिस्टन आणि हेडमधलं अंतर मोजायला दादाने पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवले, हेड कसलं, फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवलं आणि चेपलेली तार काढून मोजली. दादा म्हणाला, जहाजावरही हीच पद्धत. मिस्त्री म्हणाला, आमच्यातही हीच. दोघं एकमेकांकडे बघून जे हसले! मी तार धरून मधे उभा.

शेवटची गोष्ट मिस्त्रीनेच दाखवली, जरा चाचरत. इंजेक्शन पंपाच्या दांडीला एक अटकाव असतो, ठरलेल्या हद्दीपुढे डिझेल जाऊ नये म्हणून. तो कानशीने घासलेला होता. २०१३ साली, त्यानेच. आधी बोअरमध्ये २ हॉर्सपॉवरची मोटर होती. पाणी साडेचारशे फुटांवर गेल्यावर जास्त टप्प्यांचा पंप आणि ३ची मोटर टाकली, ती इंजिनाला उचलेना, म्हणून मामाच्या सांगण्यावरून अटकाव घासला. म्हणजे १९७०-८०च्या दशकात जे पुली बदलून केलं, तेच आता कानशीने. दादाने वॉशर घालून अटकाव पुन्हा जागेवर आणला.

रविवारी संध्याकाळी इंजिन चालू केलं. गावातून जमवलेले दीड-दीड किलोवॅटचे दोन इमर्शन हीटर पाण्याच्या टाकीत सोडून ३ किलोवॅटचा लोड दिला. धुराड्यातून नुसती गरम हवेची थरथर. भिंत पांढरीच्या पांढरी. पुक्-पुक्-पुक्. आई तिथे असायला हवी होती असं वाटलं. आम्ही तिघांनी फोटोबिटो काढले :)

मग मामा म्हणाला, "आता मोटर लाव."

मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट करंट ओढते. बल्ब विझल्यासारखा झाला, इंजिन कण्हलं, फ्लायव्हील दिसतील इतकी सावकाश झाली आणि बंद. दुसऱ्यांदा, कसंबसं सुटलं, तर दोन मिनिटांत व्होल्टेज खाली येत येत पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. दादाने कागदावर हिशोब मांडला : ३ हॉर्सपॉवरच्या सबमर्सिबलला चालू असताना आत लागणार ३ किलोवॅटच्या वर, अल्टरनेटर आणि पट्ट्यात जाणार ते वेगळं, इंजिनाची हद्द ६ हॉर्सपॉवर म्हणजे साडेचार किलोवॅट, तीही नवं असताना. बसत नाही. इंजिनात आता काही दोष नाही, मोटर मोठी आहे.

"मग दोनची टाकू?" मामा.

"दोनची चालेल."

"दोनच्यानं साडेचारशे फुटावरनं पाणी यील का?"

दादा गप्प. मी कागदाकडे बघितलं. मिस्त्री वॉशरकडे बघत होता.

"मग धूरच बरा की, बाबा," मामा म्हणाला आणि बागेकडे निघून गेला.

रात्री बराच वेळ बोलणं झालं. मोठा जनरेटर, म्हणजे दीड-दोन लाख. सौर पंपाचा अर्ज केलेला आहे, नंबर यायचाय. पण दादाचा मुद्दा असा की तोही उपसणार त्याच बोअरमधून, फक्त धूर न करता, त्यामुळे पाणी संपत आलंय हे कळायचंही नाही. मामाचा मुद्दा असा की ते त्यालाही कळतं, झाडांना कळत नाही. मी दोघांनाही आळीपाळीने बरोबर म्हणालो आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

मागच्या बुधवारी दादा सिंगापूरला जहाजावर रुजू झाला. काल मामाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, खाली "दादाला दाखवू नको". वहीचं पान आहे. रकाने दादाचे, अक्षर मामाचं. वेळ : सकाळी ६.१०. लोड : मोटर. धूर : काळा. शेरा : पाणी चालू.